सणाचा स्वयंपाक आणि उपवासाचे नियम: पुण्यातल्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, पण त्या तिथीला काय शिजवायचे, काय टाळायचे आणि का, हे छापलेले नसते. पूर्वी ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारता येई. आता नोकरीसाठी पुण्यात आलेली, वेगळे बिऱ्हाड केलेली बरीच मंडळी हे प्रश्न शेजारी किंवा किराणा दुकानात विचारतात. इथली उत्तरे मुख्यतः पुणे आणि आसपासच्या मराठी घरांतल्या रीतीला धरून आहेत. जिथे घराघरांत फरक आहे, तिथे तसे सांगितले आहे.

साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे ही सगळी परदेशातून आलेली पिके. मग ती उपवासाला चालतात कशी?

उपवासाचा नियम पीक कोणत्या देशातले हे पाहत नाही, ते कोणत्या प्रकारचे हे पाहतो. वर्ज्य आहे ते धान्य, म्हणजे तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी आणि कडधान्ये. कंद, फळे, दूध आणि सुकामेवा पहिल्यापासून चालत आले. पोर्तुगीज जहाजांमधून नवे कंद आले, तेव्हा त्यांना कंदांच्या रांगेत आपोआप जागा मिळाली.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या काळात बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची यांपैकी काहीही भारतात नव्हते. हे सगळे अमेरिका खंडातले. १४९८ मध्ये युरोपचा समुद्रमार्ग खुला झाल्यानंतर ते हळूहळू इथे रुजले. राजगिऱ्याची दाण्यासाठी लावली जाणारी जातही मूळची तिकडचीच. त्याआधीच्या एकादशीला सुरण, शिंगाडा, केळी, दूध आणि वरी असणार आणि तिखटाला मिरे.

साबुदाण्याची कथा आणखी अलीकडची. पूर्वी तो आग्नेय आशियातल्या साबुदाण्याच्या ताडापासून बने आणि आयात होई. दुसऱ्या महायुद्धात ही आयात थांबली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले होते. आज पुण्याच्या बाजारात मिळणारा साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा असतो.

शेंगदाण्याचे प्रकरण थोडे वेगळे आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो हरभऱ्याच्याच कुळातला, म्हणजे नियम काटेकोर लावला तर तो बाहेर जायला हवा. पण तो जमिनीखाली येतो आणि सुक्यामेव्यासारखा खाल्ला जातो, म्हणून बहुतेक मराठी घरांनी त्याला मान्यता दिली. काही घरे अजूनही देत नाहीत आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरूनच आहे.

मसाल्यांचे काय? हळद, मोहरी, हिंग का नाही आणि जिरे का चालते?

पुण्यातली सर्वसाधारण रीत अशी: जिरे, हिरवी मिरची, आले, ओले खोबरे, कोकम, लिंबू, साखर, गूळ आणि मीठ चालते. हळद, मोहरी, मेथ्या, धने, कांदा, लसूण चालत नाही. कोथिंबिरीवर घराघरांत मतभेद आहेत. कढीपत्ता बहुतेक जण टाळतात. भाज्यांत काकडी, लाल भोपळा, सुरण, रताळे आणि बटाटा सर्वमान्य आहेत, भेंडी काही घरांतच.

हिंगाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारातल्या बांधणी हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे हिंग चालतो असे मानणाऱ्या घरातही डबीवरचे घटक वाचूनच घालावा.

उत्तर भारतात उपवासाला सैंधवच लागते. महाराष्ट्रात बहुतेक घरांत साधे मीठ चालते, काही ठिकाणी शेंदेलोण, म्हणजे सैंधवच, वापरतात. तळायला शेंगदाण्याचे तेल किंवा तूप. सोयाबीन आणि मोहरीचे तेल टाळतात, कारण ती पिकेच वर्ज्य यादीतली.

भगर तर धान्यासारखीच दिसते. ती कशी चालते? आणि तिच्यातून विषबाधा होते असे का ऐकू येते?

भगर किंवा वरई हे बारीक तृणधान्यच आहे. पण ती मूळची डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत फारशी मशागत न करता येणारी, म्हणून तिला नांगरटीच्या धान्यात धरत नाहीत. परंपरेने दिलेली ही सूट आहे आणि ती तशीच स्वीकारावी. वनस्पतिशास्त्रात तिला आधार शोधू नये. निर्जळी किंवा कडक एकादशी करणारे भगर खात नाहीत.

विषबाधा मात्र खरी आहे. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास दरवर्षी अशा बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासनही त्याबद्दल सूचना काढते. दोष भगरीचा नसतो, तिच्यावर वाढलेल्या बुरशीचा असतो. दाणा बारीक असल्याने ओल धरतो, आणि दमट गोदामात किंवा पावसाळ्यातल्या उघड्या पोत्यात अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते. तिची विषे शिजवल्यावर पूर्णपणे नष्ट होत नाहीत. उलटी, चक्कर, थरथर, घाम ही लक्षणे काही तासांत दिसतात.

म्हणून सुटी भगर घेऊ नका. बंद पाकीट घ्या, पॅकिंगची तारीख पाहा. भगरीचे तयार पीठ तर घेऊच नका. दाणे निवडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, सावलीत वाळवून घरी दळा आणि ते पीठ आठवड्यात संपवा. दाण्याला कुबट वास आला किंवा काळपट ठिपके दिसले, तर धुऊन वापरू नका, टाकून द्या. मागच्या वर्षीच्या उपवासाची उरलेली अर्धी पुडीही वापरू नका. शिजलेली भगरही चार तासांहून जास्त बाहेर ठेवू नये.

साबुदाण्याची खिचडी चिकट का होते?

पाणी जास्त, हे पहिले कारण. मध्यम साबुदाणा दोन-तीन वेळा धुवा, म्हणजे वरचा सुटा स्टार्च निघून जातो. मग पाणी निथळून, दाणे जेमतेम बुडतील इतकेच पाणी ठेवून पाच-सहा तास झाका. दाणा बोटात दाबला की पिठासारखा चुरडला पाहिजे. मध्ये टणक कण लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी तासभर ठेवा.

दोन वाट्या साबुदाण्याला एक ते सव्वा वाटी दाण्याचे कूट घ्या. मीठ, साखर आणि कूट कढईत टाकण्याआधीच साबुदाण्याला चोळा. कुटातल्या तेलाचा थर दाण्यावर बसतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. तुपात जिरे, मिरची, उकडलेला बटाटा परतून साबुदाणा घाला आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे परता. दाणा पारदर्शक झाला की थांबा. झाकण दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवले, तर झाकणाचे पाणी आत पडून गोळा होतो. शेवटी पाण्याचा हबका देण्याची सवय असेल तर ती सोडा.

मधुमेह आहे किंवा रोजची गोळी घ्यायची आहे. उपवास मोडतो का?

मोडत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. औषध त्या यादीत स्पष्ट आहे, त्यामुळे गोळी चुकवण्याला धर्माचा आधार नाही.

दुसरी बाजू पोषणाची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिने नावापुरतीच. खिचडीने साखर झपाट्याने वाढते आणि भूकही लवकर परत लागते. मधुमेह असलेल्याने राजगिरा, दही, दाणे, काकडी यांवर भर द्यावा आणि इन्सुलिन घेत असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. गरोदर, बाळंतीण, लहान मूल आणि आजारी माणूस यांना शास्त्रानेच सवलत दिलेली आहे. उपवासाने पोटाला विश्रांती मिळते हे वाक्य खिचडी, वडे आणि बटाट्याच्या कीस-चिवड्यावर काढलेल्या दिवसाला लागू पडत नाही. उपवास हा संयमासाठी आहे, आणि तेवढे कारण त्याला पुरेसे आहे.

एकादशी कधीकधी सलग दोन दिवस का छापलेली असते? आणि संकष्टीला चंद्रोदयाची कोणती वेळ धरायची?

दोन दिवस असतील तर पहिली स्मार्त आणि दुसरी भागवत. पहाटेच्या अरुणोदयाला दशमी शिल्लक असेल, तर वैष्णव ती एकादशी दशमीने विद्ध, म्हणजे दूषित, झाली असे मानतात आणि दुसऱ्या दिवशी धरतात. वारकरी भागवत एकादशी करतात. बाकी घरांनी आपली जुनी रीत चालू ठेवावी. सोईसाठी दर महिन्याला बदलू नये.

संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडतात, म्हणून तिथे मिनिटांना महत्त्व आहे. पुणे मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ एक अंश रेखांशावर आहे, त्यामुळे पुण्यात चंद्र सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. कॅलेंडरवर फक्त मुंबईची वेळ असेल, तर त्या वेळेला पान वाढायला काहीच हरकत नाही, चंद्र तोवर वर आलेलाच असतो. उलट, नागपूरच्या वेळेवर पुण्यात उपवास सोडाल तर चंद्रोदयाआधीच जेवाल.

पुण्यातली काही घरे टिळक पंचांग पाळतात. त्याचे अयनांश, म्हणजे राशींच्या आरंभबिंदूचे गणित, वेगळे आहे, त्यामुळे क्वचित एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा येतो आणि सण महिनाभर पुढे-मागे होतात. त्यात चूक-बरोबर कोणी नसते.

चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद म्हणजे नेमके कधीपासून कधीपर्यंत?

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत. त्याआधी दोन दिवस, आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते. कांदाभजी, कांद्याचे थालीपीठ, भरीत हे सगळे त्या दिवशी करून घेतात. वांग्याचा मुहूर्त अनेक घरांत आणखी पुढे जातो: मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, जेजुरीच्या खंडोबाला वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवला की मगच घरात वांगे शिजते.

याखेरीज जुना आणखी एक क्रम आहे: श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य. आता तो फार थोडी घरे पाळतात. पावसात पालेभाजीला किडे व माती जास्त, हे खरे आहे. पण व्रताच्या ग्रंथांत भर आहे तो संयमावर आणि आवडती गोष्ट काही काळ सोडण्यावर. एखादे कारण नंतर पटले म्हणून ते मूळ कारण ठरत नाही. चार महिने कांदा जमत नसेल, तर ज्या एका पदार्थाशिवाय जेवण होत नाही तो सोडावा. चातुर्मासाचा नेम असाच धरायची जुनी पद्धत आहे.

श्रावणात मांसाहार बंद हा सगळ्यांचाच नियम आहे का? देवाला मांसाचा नैवेद्य कसा काय असतो?

मांसाहार करणाऱ्या बहुतेक मराठी घरांत तो आषाढ अमावास्येनंतर थांबतो आणि कुणाकडे गणपतीपर्यंत, कुणाकडे नवरात्र उलटेपर्यंत बंद राहतो. राज्यातली पावसाळी मासेमारी बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै असते. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करतो.

पण देवाचे ताट नेहमी शाकाहारीच असते, हा समज चुकीचा आहे. कित्येक घरांत गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण किंवा मासे-खेकडे, हा कुळाचार आहे. अनेक ग्रामदेवतांना बोकडाचा मान असतो. धुळवडीला मटण शिजते. हे धर्माबाहेरचे नाही, त्या घराचा धर्मच तो आहे. लग्न होऊन दुसऱ्या रीतीच्या घरात आलेल्या मुलीने किंवा जावयाने हे आधी विचारून घ्यावे आणि घरच्यांनी सरळ सांगावे, म्हणजे सणाच्या दिवशी मने दुखावत नाहीत.

ऋषीची भाजी कशी करतात?

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचे काहीही खायचे नाही असा नियम आहे. म्हणजे नांगरट केलेल्या शेतातले अन्न नको, परसातले आणि रानातले चालते. तेल पूर्वी बैलाच्या घाण्यावर निघे, त्यामुळे तेही याच नियमात बसते आणि ही भाजी बहुतेक ठिकाणी फोडणीविना होते. वर्षभरातल्या नियमांत हा सगळ्यात नेमका आणि माणुसकीचा वाटतो, कारण ज्याच्या जिवावर बाकीचे वर्ष चालते त्या जनावराची त्यात आठवण आहे.

मंडईत गणपतीच्या आदल्या दिवसापासून ऋषीच्या भाज्यांचे मिश्र वाटे लागतात. चार माणसांना साधारण एक किलो भाजी पुरते: अळूची पाने व देठ, लाल माठाचे देठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, रताळे, मक्याचे कणीस, ओल्या शेंगांचे दाणे आणि अंबाडी किंवा चिंच.

अळू आणि सुरण खाजतात, कारण त्यांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला तेल किंवा चिंचेचे पाणी लावून चिरा, सुरणाच्या फोडी अर्धा तास चिंचेच्या पाण्यात ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. जाड बुडाच्या पातेल्यात आधी सुरण, मका, दाणे आणि माठाचे देठ वाटीभर पाण्यात दहा मिनिटे शिजवा. मग रताळे, भोपळा, पडवळ, शिराळे. शेवटी अळूची पाने आणि भेंडी. मीठ, मिरचीचे वाटण, चिंचेचा कोळ आणि अर्धी वाटी ओले खोबरे घालून आणखी सात-आठ मिनिटे. आंबट पुरेसे नसेल तर घसा धरतो. सगळ्या भाज्या एकदम टाकल्या तर भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चा राहतो.

नागपंचमीला चिरायचे-तळायचे नाही, मग करायचे काय?

पुरणाचे दिंड. पोळी लाटून त्यात पुरण ठेवायचे, चौकोनी घडी घालायची आणि मोदकपात्रात दहा-बारा मिनिटे उकडायचे. पुरण आदल्या दिवशी करून ठेवले तर कुठेच अडत नाही. भाजी लागलीच तर आदल्या रात्री चिरून ठेवतात.

वसुबारसही अशीच वेगळी. आश्विन वद्य द्वादशीला गहू, मूग, गाईचे दूध-दही-तूप आणि तळण टाळतात. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दूध त्या दिवशी वासराचे, असा त्यामागचा भाव.

उकडीचे मोदक खरे की तळणीचे?

दोन्ही. किनारपट्टीवर तांदूळ आणि ओला नारळ मुबलक, म्हणून तिथे उकड आली. देशावर गहू आणि सुके खोबरे, म्हणून तळणीचे. पुण्यात दोन्हीकडची माणसे राहत आली, त्यामुळे दोन्ही होतात. नैवेद्याला एकवीस लागतात.

उकडीसाठी मुळशी-मावळातला आंबेमोहर उत्तम. सुवास आहे आणि चिकटपणा योग्य आहे. नवा तांदूळ दोनदा धुऊन, कापडावर सावलीत वाळवून, अगदी बारीक दळून घ्या. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, एक चमचा लोणी किंवा तूप, चिमूटभर मीठ. पाणी खळखळ उकळले की आच मंद करून पिठी एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकून दोन मिनिटे वाफ काढा, गॅस बंद करून आणखी पाच मिनिटे झाकून ठेवा. मग सोसेल तितकी गरम असताना तेल-पाण्याच्या हाताने चांगली मळा. सारणाला दोन वाट्या ओले खोबरे, एक वाटी गूळ, वेलची, भाजलेली खसखस. मोदक कळीदार मुडपून, ओला पंचा किंवा केळीचे पान घातलेल्या चाळणीत दहा ते बारा मिनिटे उकडा.

पारी मुडपताना चिरा गेल्या तर उकड कोरडी आहे: कोमट पाण्याचा हात घेऊन पुन्हा मळा. दुकानातली जुनी पिठी जास्त पाणी पिते, तिला दोन-तीन चमचे पाणी जास्त लागते. मोदक उकडताना बसले तर पाणी जास्त झाले आहे. रस गळला तर सारण ओले आहे, ते गोळा होऊन कढईच्या कडा सुटेपर्यंत आटवायला हवे होते. पण तिथून पुढे पाच मिनिटे जास्त ठेवले तर गूळ कडक होतो आणि सारण दाताला लागते. झाकण काढल्याबरोबर मोदक उचलू नका, दोन मिनिटे थांबा, नाहीतर बुडे चाळणीला राहतात.

होळीला पुरणपोळीच का?

फाल्गुनात रब्बीचा नवा गहू आणि हरभरा घरात येतो आणि गुऱ्हाळांचा नवा गूळही त्याच वेळी असतो. पोळीतले तिन्ही जिन्नस हंगामाचे. पदार्थ जुना आहे: कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात पुरण भरलेल्या गोड पोळीसारख्या पदार्थाचे वर्णन येते.

दोन वाट्या हरभरा डाळ आणि दोन वाट्या किसलेला गूळ. डाळ दोन तास भिजवून, हळद आणि चमचाभर तेल घालून, कुकरला चार-पाच शिट्ट्या. दाणा बोटाने पूर्ण मोडला पाहिजे. गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा. गुळातली साखर, आम्लता आणि चुना डाळ मऊ होऊ देत नाहीत, त्यामुळे आधी गूळ पडला तर ती नंतर कितीही उकळा, कचकचीतच राहते. नारळीभातातही हाच नियम: भात पूर्ण शिजवून मग गूळ.

कट निथळून आमटीला बाजूला काढा. डाळ-गूळ जाड बुडाच्या पातेल्यात शिजवा, उलथने मध्ये उभे राहिले की पुरण झाले. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, थंड पुरण यंत्रात अडते. जायफळ-वेलची शेवटी. कणीक दोन वाट्या, मैदा अर्धी वाटी, मीठ, हळद, पाव वाटी तेल, आणि चपातीपेक्षा बरीच सैल. दोन तास मुरू द्या. यात मध्यम पंधरा-सोळा पोळ्या होतात. पोळी फुटते ती बहुधा कणीक घट्ट आणि पुरण सैल असल्यामुळे. दोन्हींचा मऊपणा सारखा हवा.

संक्रांतीची गुळपोळी कडेपर्यंत गोड का होत नाही?

गूळ आणि पारी यांचा घट्टपणा जुळत नाही म्हणून. इथे पुरणपोळीच्या उलट, कणीक घट्ट हवी. पाव किलो साधा मऊ पिवळा गूळ किसून घ्या. चिकीचा गूळ तिळाच्या लाडू-वड्यांसाठी ठेवा, पोळी त्याने कडक होते. पाव वाटी बेसन तेलावर खमंग भाजून, दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचा कूट, एक चमचा खसखस, वेलची. सगळे मळून गोळा एकजीव करा, गुठळी राहिली की पोळी तिथेच फुटते. पारीला दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, तीन चमचे कडकडीत तेलाचे मोहन. दोन लहान पाऱ्यांमध्ये गुळाची तेवढीच चकती ठेवा, कडा दाबा आणि मधून कडेकडे लाटा. उरलेली रिकामी कड कातणीने काढा. तव्यावर गूळ सुटला तर तो लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पोळीला करपट डाग पडतो. पोळ्या गार होईपर्यंत एकावर एक ठेवू नका.

आदल्या दिवशीच्या भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी. सोलाणे, पावटा, गाजर, वांगे, बोरे, उसाचे करवे आणि तिळाचा कूट त्यात पडतो.

अधिक मासात जावयाला अनारसेच का देतात आणि ते तुपात का विरघळतात?

साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो, त्यावरून तेहेतीसाचे वाण. अनारसा जाळीदार असतो, आणि या महिन्याच्या दानाला जाळीदार पदार्थ लागतो. बत्तासे किंवा म्हैसूरपाकही देतात.

तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरा आणि हाताला दमट लागत असतानाच दळून चाळा. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ आणि थोडे तूप घालून मळून, गोळे करून डब्यात किमान चार-पाच दिवस ठेवा. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात तळा. उलटू नका, झाऱ्याने वर तूप उडवा.

अनारसे हसले, म्हणजे तुपात पसरून मोडले, तर गूळ जास्त आहे: थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून तासभर ठेवा. जाळीच पडली नाही तर पीठ पुरेसे मुरलेले नाही किंवा कोरडे आहे. थोडे पिकलेले केळे किंवा चमचाभर दूध मळून पाहा. पहिला एकच सोडून बघायचा, मग बाकीचे थापायचे.

नैवेद्याच्या ताटात काय चुकते?

बहुधा मीठ. माणसाच्या पानात वर मीठ वाढतात, नैवेद्याच्या ताटात ते वेगळे वाढत नाहीत. स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून मीठ मापूनच घालायची सवय ठेवा. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये वरणभात आणि त्यावर तूप. ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढून तुळशीपत्र ठेवतात. गणपतीला मात्र तुळशीऐवजी दूर्वा.

सोसायटीत सगळ्या धर्मांची घरे आहेत. फराळाचा डबा कुणाला काय पाठवावा?

जैन घरी कांदा, लसूण, बटाटा, रताळे, गाजर, मुळा, बीट, ओले आले चालत नाही. वाळलेली हळद आणि सुंठ चालते. अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून डबा दुपारीच द्यावा. रात्रभर आंबवलेले किंवा शिळे नको. पर्युषणात आधी विचारूनच पाठवावे.

मुस्लिम घरी शाकाहारी फराळ सहसा चालतो. जिलेटिन आणि दारूचा अंश असलेले इसेन्स टाळावे. देवाला दाखवलेला प्रसाद काही कुटुंबे घेत नाहीत, त्यांच्यासाठी नैवेद्याआधीच वेगळा भाग काढून ठेवावा, तो आनंदाने घेतला जातो. रमजानमध्ये डबा सूर्यास्ताच्या थोडा आधी पोचला तर इफ्तारला उपयोगी पडतो.

रास्ता पेठ आणि कॅम्पच्या परिसरात बेने इस्रायली ज्यू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि मराठी बोलतात. दूध आणि मांस एका जेवणात नाही, म्हणून त्यांच्या रश्शात दह्याऐवजी नारळाचे दूध असते. कोळंबी-खेकडे चालत नाहीत, खवले आणि पर असलेला मासा चालतो. तुपातली मिठाई मांसाच्या जेवणाबरोबर खाता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) आठवड्यात गव्हाचे काहीही पाठवू नये. त्यांचा मलिदा भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळांचा असतो आणि एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने करतात. आपल्या गोड पोह्यांशी त्याचे नाते चवीतच कळते.

पारशी घरी फारसे निर्बंध नाहीत, फक्त बहमन महिन्यात बरेच जण मांस खात नाहीत. ख्रिस्ती घरी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत आणि विशेषतः गुड फ्रायडेला मांस टाळतात. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळलाही करंजी-चकली होते, त्यामुळे दिवाळीचा डबा तिथे परका वाटत नाही.

हॉटेलातले उपवासाचे पदार्थ चालतात का?

तेल विचारा. साबुदाणा वडा आणि बटाटेवडा एकाच कढईत तळले जात असतील तर बेसन त्यात आलेच. उपवासाच्या चिवड्यात आणि कचोरीत कॉर्नफ्लोअर असू शकते, तो मका, म्हणजे धान्य. उपवासाच्या मिसळीत दाण्याची आमटी असते, ती घट्ट करायला शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ आहे ना, एवढे खात्री करून घ्या. तयार पिठांच्या पाकिटावर ‘उपवास भाजणी’ लिहिलेले असले तरी मागचे घटक वाचा.